शाळा बंद होती, गाणे बंद नव्हते

मार्च २०२० मध्ये राज्यातल्या शाळांना कुलपे लागली. ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या वर्गांची दारे पुन्हा उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. मधल्या पावणेदोन वर्षांत गणिताचे काय होणार, इंग्रजीचे काय होणार, परीक्षेचे काय होणार, यावर भरपूर चर्चा झाली. संगीताच्या तासाचे काय झाले, हे मात्र कुणी विचारले नाही. विचारणार तरी कोण? गोरगरिबांच्या पोरांच्या शाळेत संगीताचा तास असतोच किती ठिकाणी? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीचे शंभराहून अधिक विद्यार्थी असलेल्या शाळेत कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद केली. अंशकालीन, म्हणजे हातावरचे पोट.

अशाच मानधनावर काम करणारे एक संगीत शिक्षक आमच्या परिचयाचे आहेत. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी ते शिकवतात. शाळा बंद झाली तसे मानधनही बंद झाले. पण या माणसाने रोज सकाळी सात वाजता विद्यार्थ्यांच्या पालकांच्या फोनवर एक गाणे पाठवायला सुरुवात केली. गाण्याखाली तीन ओळी असत : गाणे कुणी रचले, कुणी गायले, आणि ऐकताना कान कुठे द्यायचा. त्याखाली एक छोटा गृहपाठ.

फोन तरी किती घरांत होते? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागात इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे जेमतेम १५ टक्के होती. ज्या ग्रामीण भागात शंभरातल्या पंचाऐंशी घरांत इंटरनेट नव्हते, तिथे ‘ऑनलाइन शिक्षण’ या शब्दाचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगायला नको. सरांनी त्यावरही तोड काढली. गल्लीत एकाच घरी फोन असेल तर त्या घरच्या ओट्यावर पोरे अंतर ठेवून बसत. मोबाइलची दुकाने उघडल्यावर सरांनी गाणी मेमरी कार्डात भरून वाड्या-वस्त्यांवर पोहोचवली. स्वतःच्या खिशातून, आणि खिसा तर रिकामा!

पहिल्या पंधरवड्यात त्यांनी जे शिकवायची सवय होती तेच पाठवले. भूप रागातली सरगम, दोन प्रार्थना, चार देशभक्तिपर गीते. मग सातवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, आमच्या घरी वाजतात ती गाणी तुमच्या यादीत का नाहीत?”

वाचकहो, या एका प्रश्नात आपल्या शिक्षणव्यवस्थेचा सगळा इतिहास आला. सरांनी आम्हाला नंतर मोकळेपणाने सांगितले, “त्या प्रश्नाने मला झोप लागली नाही. माझे आजोबा गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. विशारद होईपर्यंत मी हे वर्गात कुणाला सांगितले नव्हते.” पेटी, तबला, राग, ताल सगळे शिकलेला हा माणूस स्वतःच्या घरातले गाणे शाळेच्या उंबरठ्याबाहेर ठेवून आत जात होता. चपला काढून ठेवाव्यात तसे.

१४ एप्रिल २०२० हा पहिल्या टाळेबंदीचा शेवटचा दिवस. त्याच दिवशी ती ३ मे पर्यंत वाढवल्याची घोषणा झाली. जयंतीला मिरवणूक नाही, सभा नाही. चळवळीने जयंती घरातच साजरी केली. त्या सकाळी सात वाजता पोरांच्या फोनवर वामनदादा कर्डकांचे गाणे आले. खाली लिहिले होते : जन्म १५ ऑगस्ट १९२२, देशवंडी, तालुका सिन्नर. लहानपणी शाळा मिळाली नाही, मुंबईत कष्ट करताना मोठेपणी अक्षरे शिकले, आणि पुढे हजारो गाणी लिहिली. गृहपाठ होता : आजीला विचारा, तिला दादांचे कोणते गाणे पाठ आहे. त्या दिवशी साठ पोरांची उत्तरे आली. भूपाच्या सरगमला नऊ आली होती.

यानंतर यादी बदलली. एक दिवस भीमराव कर्डकांचा जलसा. बाबासाहेबांचे विचार अक्षर न ओळखणाऱ्या माणसापर्यंत या जलशांनी कसे नेले, हे सरांनी चार वाक्यांत सांगितले. एक दिवस प्रल्हाद शिंदे, एक दिवस विठ्ठल उमप. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच उमपांनी प्राण सोडला, हे वाचून पोरे हळहळली. एक दिवस एकतारीवर गाणाऱ्या कडुबाई खरात. १ ऑगस्ट २०२० ला, जन्मशताब्दीच्या दिवशी, अण्णाभाऊ साठे. ११ जुलैला मात्र गाणे आलेच नाही. फक्त मजकूर आला. १९९७ साली याच दिवशी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली. चार दिवसांनी, ते दुःख सोसवले नाही म्हणून, शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवले. ‘आज आपण गाणे ऐकणार नाही, गप्प बसणार आहोत,’ असे सरांनी लिहिले होते. पोरांनी घरी प्रश्न विचारले. ज्या घरांत वीस-बावीस वर्षांत तो विषय निघाला नव्हता, तिथे तो निघाला.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. एका सकाळी सरांनी हलगीचे वादन पाठवले. तासाभरात एका पालकाचा फोन आला. “जयभीम सर. माझ्या बापाने धम्म घेतला तेव्हा हलगी आडात टाकली. गावकीचे काम सोडले म्हणून मार खाल्ला. आणि तुम्ही तीच हलगी माझ्या पोराच्या कानात घालता?”

हा राग खोटा नाही. मेलेले ढोर ओढणे आणि गावाच्या लग्नात, जत्रेत वाजवणे ही जातीने लादलेली कामे होती. बाबासाहेबांनी ती सोडायला सांगितले, आणि आपल्या बापजाद्यांनी भाकरी गमावून ती सोडली. पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेला निधीसुद्धा, तो महार स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा आहे म्हणून, बाबासाहेबांनी नाकारला होता. त्या पालकाच्या बापाने आडात फक्त एक वाद्य टाकले नव्हते, अख्खी गुलामी टाकली होती.

सरांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी गाण्याऐवजी त्या पालकाचे म्हणणेच, त्यांच्या परवानगीने, नाव न देता सगळ्यांना पाठवले. आणि खाली लिहिले : ‘हे बरोबर आहे. हलगी सोडणे हा लढा होता. पण आपल्याच लोकांनी तमाशाचा बाज घेतला, त्यातली गौळण आणि बीभत्सपणा काढला, बाबासाहेबांचा विचार घातला आणि जलसा उभा केला. सक्तीने वाजवणे वेगळे आणि मानाने वाजवणे वेगळे. तुम्हाला काय वाटते?’ त्या प्रश्नावर आठवीच्या पोरांनी आठवडाभर लिहिले. ज्या शाळेत हा प्रश्न एरवी कधी विचारला गेला नसता, ती शाळा त्या वेळी बंद होती!

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. वामनदादांना लहानपणी शाळा मिळाली नाही. अण्णाभाऊ शाळेत गेले ते जेमतेम दीड दिवस. ज्यांना शाळेने आत घेतले नाही, त्यांनीच बंद पडलेल्या शाळेतल्या पोरांना शिकवले. हा योगायोग नाही. जलसा, पोवाडा, भीमगीत ही आपल्या समाजाची पहिली शाळाच होती. तिला इमारत नव्हती, घंटा नव्हती, फी नव्हती. म्हणून महामारी तिला कुलूप लावू शकली नाही.

मग शाळा उघडल्यावर काय झाले? सर परत वर्गात गेले आणि तोच जुना अभ्यासक्रम परत आला. जुलै २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात स्थानिक कलावंतांना शाळेत मार्गदर्शक म्हणून घ्यावे असे म्हटले आहे. आमचा साधा प्रश्न आहे : या स्थानिक कलावंतांत आंबेडकरी शाहीर बसतो की नाही? बसत असेल तर त्याला बोलावणे कधी? आणि बसत नसेल तर तसे स्पष्ट सांगा.

परंतु सगळा दोष व्यवस्थेवर टाकून आपल्याला सुटता येणार नाही. आपण काय करतो? जयंतीला डीजेच्या भिंती उभ्या करतो. छाती हादरते, पण शब्द कानात शिरत नाही. त्या ठेक्यावर नाचणाऱ्या पोराला गाणे कुणाचे हे विचारा, दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही. ज्या कवीने आयुष्यभर गावोगाव पायपीट केली, त्याचे नावही आपण गाण्यावरून पुसून टाकले. जुन्या गायन पार्ट्यांच्या वह्या माळ्यावर वाळवी खात पडल्या आहेत. त्या वह्यांतली अनेक गाणी कधी छापली गेली नाहीत, कॅसेटवरही आली नाहीत. तो म्हातारा गेला की गाणे गेले.

यासाठी सरकारची वाट पाहायची गरज नाही. प्रत्येक बुद्धविहारात रविवारच्या वंदनेनंतर एक गाणे ऐकवा. एकच. कुणी लिहिले, कधी लिहिले, का लिहिले, हे तीन वाक्यांत सांगा. पोरांना घरी जाऊन आजीला विचारायला लावा. गावातल्या जुन्या गायकाच्या घरी जाऊन त्याची वही उतरवून घ्या, फोनवर त्याचा आवाज भरून घ्या. ज्या फोनवर आपली पोरे दिवसभर काहीबाही पाहतात, त्याच फोनने हे काम होते. एका मानधनावरच्या शिक्षकाने ते करून दाखवले आहे.

सरांनी ती सगळी यादी दोनशे पानी वहीत उतरवून ठेवली आहे. पहिल्या पानावर वामनदादांचे नाव नाही, बाबासाहेबांचेही नाही. तिथे सातवीतल्या त्या मुलीचा प्रश्न लिहिला आहे. ती मुलगी आता महाविद्यालयात शिकते आहे. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून शाळेने दिलेले नाही. ते आपल्याला द्यायचे आहे. जयभीम!