एक्सप्लेनर : वाघासाठी सगळेच धावतात, पण या बेडकाचं काय? समजून घ्या ‘एज’ प्रजाती आणि त्यांच्यामागे लागलेले तरुण

वाघासाठी देशात 1973 पासून स्वतंत्र प्रकल्प आहे. पण वर्षातले मोजके दिवसच जमिनीवर येणाऱ्या, डुकरासारखं नाक असलेल्या जांभळ्या बेडकासाठी काम करायचं म्हटलं, तर निधी कोण देणार? त्यासाठीच एक वेगळी यादी आणि एक फेलोशिप आहे.

‘एज’ म्हणजे नेमकं काय?

झूलॉजिकल सोसायटी ऑफ लंडन या संस्थेने 2007 मध्ये ‘एज ऑफ एक्झिस्टन्स’ हा कार्यक्रम सुरू केला. यात प्रत्येक प्रजातीला दोन गोष्टींवरून गुण मिळतात. ती उत्क्रांतीच्या झाडावर किती एकटी आहे आणि ती नष्ट होण्याचा धोका किती आहे.

सोप्या भाषेत सांगायचं तर, काही प्रजातींच्या जवळच्या भावंडांची रांग असते. काहींचं मात्र जगात दुसरं कोणीच उरलेलं नसतं. ती गेली की कोट्यवधी वर्षांचा डेटा डिलीट, आणि बॅकअप कुठेच नाही.

जांभळा बेडूक इतका खास का?

केरळमधील इडुक्की जिल्ह्यातील या बेडकाचं शास्त्रीय वर्णन 2003 मध्ये एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसुइट यांनी केलं. नाव ठेवलं ‘नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस’. म्हणजे नाकही आपलं आणि सह्याद्रीही आपला!

त्याच्या कुळाचे सर्वांत जवळचे नातेवाईक राहतात थेट हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर. भारत आणि ही बेटं एकाच भूखंडाचा भाग होती, त्या काळाचा हा जिवंत पुरावा.

हा बेडूक जमिनीखाली राहून वाळवी खातो. पावसाळ्याच्या तोंडावर नर जमिनीतूनच साद घालतात, जोड्या ओढ्याकाठी अंडी घालतात आणि पुन्हा गडप. पिल्लं चोखणीसारख्या तोंडाने वाहत्या पाण्यातल्या खडकांना चिकटून वाढतात.

धोका इथेच आहे. ओढ्यांवर बांध झाले, प्रवाह बदलले की पिल्लांची जागा जाते. बाहेर पडलेले बेडूक रस्त्यावर चिरडले जातात. काही भागांत पिल्लं खाण्यासाठीही पकडली जातात.

तरुण संशोधक नेमकं काय करतात?

एज फेलोशिप करिअरच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या संवर्धकांसाठी असते. प्रशिक्षण, मार्गदर्शन आणि प्रकल्पासाठी पैसे मिळतात. आतापर्यंत जगभरातल्या शंभरहून अधिक जणांना ती मिळाली आहे.

केरळचे संदीप दास त्यांच्यापैकी एक. त्यांनी जांभळ्या बेडकावर काम केलं. वर्षातून एकदाच भेटीला येतो म्हणून या बेडकाला ‘मावेली’, म्हणजे आपल्या बळीराजाचं नाव मिळालं. त्याला केरळचा राज्य-बेडूक करावं, अशी मागणीही पुढे आली. ज्या प्राण्याला कोणी पाहिलेलंच नाही, त्याच्याविषयी आपुलकी निर्माण करणं हेही कामच आहे.

अडचण कुठे आहे?

हिशोब करून पाहा. फेलोशिप साधारण दोन वर्षांची. म्हणजे या बेडकाच्या भाषेत फक्त दोन पावसाळे. एका हंगामात पाऊस लांबला किंवा ओढ्याला अचानक पूर आला, तर निम्मं काम हातचं जातं. प्रजाती वाचवायला मात्र दशकं लागतात. फेलोशिप संपल्यावर पुढचा पैसा कुठून, हा प्रश्न राहतोच.

महाराष्ट्राशी संबंध काय?

आपल्याकडेही असाच एक जीव आहे, आंबोली टोड. 2009 मध्ये शास्त्रीय वर्णन झालेला हा छोटा भेक अतिसंकटग्रस्त मानला जातो. तो जांभ्याच्या सड्यावर साचलेल्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. पावसाने उघडीप दिली आणि डबकी आटली की पिल्लं तिथेच संपतात.

त्याचा विणीचा हंगाम आणि आपला वर्षा सहलीचा हंगाम एकच. त्यामुळे यंदा पहिल्या पावसात रात्री आंबोली घाटातून जाणार असाल, तर गाडीचा वेग कमी ठेवा आणि सड्यावरच्या डबक्यांत पाय टाकू नका. त्यासाठी कुठलीही फेलोशिप लागत नाही.