आधी ब्लॉग, मग पुस्तक!

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ म्हणजे फासे टाकत, चौघांनी मिळून गोष्ट रचायचा खेळ. तिरोड्यात बसून अशा खेळांसाठी लिहिता येईल? येईल की! पण ओळखपाळख नसताना काम देणार कोण?

अमेरिकेतल्या कीथ अम्मानने २०१६ मध्ये ब्लॉग सुरू केला. विषय एकच: खेळातले राक्षस लढताना डोकं कसं चालवतील? गॉब्लिन समोरून भिडणार नाही, लपून वार करून पळेल, असं एकेकाचं. २०१९ मध्ये त्याचंच पुस्तक आलं, तेही बड्या प्रकाशनाकडून.

नुसत्या ब्लॉगवर पोट भरेल असं नाही. पण ‘काय लिहिलंय?’ विचारलं की लिंक तरी पाठवता येते. फक्त ‘माझे विचार’ छाप नको, एकच कोपरा धरा. आणि इंग्रजीचं टेन्शन? मलाही आहे.