रक्तातील साखरेची खूण

दिवाळीच्या सुमारास आमच्या वसतिगृहातील अनेक मुलांचे आईवडील कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. तत्पूर्वी भरणाऱ्या पालक मेळाव्यात एका मातेने आम्हांस विचारले, "तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी आहे, दोन दिवस उपवास केला तर चालेल का?" हा प्रश्न अनेकांचा असल्याने येथे सविस्तर उत्तर देत आहोत.

उपवासाने हा आकडा बदलत नाही. रक्तातील ग्लुकोज हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकावरील व्हॅलिन या अमिनो आम्लास चिकटते. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, तोवर ही खूण टिकते.

ती मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय संदर्भ पद्धतींपैकी एकीत मास स्पेक्ट्रोमीटर वापरतात. विशिष्ट विकराने साखळीच्या टोकाचे सहा अमिनो आम्लांचे पेप्टाइड कापले जाते. ते विद्युतभारित करून निर्वात यंत्रात सोडले की वस्तुमान व भार यांच्या गुणोत्तरानुसार वेगळे होते. ग्लुकोजचा भार 180. जोडणीत पाण्याचे 18 जातात. म्हणून साखर लागलेले पेप्टाइड 162 ने जड भरते. दोहोंचे प्रमाण काढले की उत्तर मिळाले. दवाखान्यातील साध्या यंत्रांचे आकडे अशाच संदर्भाशी जुळवलेले असतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत साखर चिकटलेल्या अल्ब्युमिनच्या पेप्टाइडांवरही असे संशोधन झाले आहे.

निसर्ग लावतो तशी खूण शास्त्रज्ञ मुद्दामही लावतात. 'आयट्रॅक' पद्धतीत चार नमुन्यांतील पेप्टाइडांना समान वजनाची चार लेबले जोडून नमुने एकत्र करतात. यंत्रात ती फुटली की 114 ते 117 वजनाचे चार तुकडे सुटतात आणि कोणत्या नमुन्यात प्रथिन किती, हे कळते. पवईच्या आयआयटीत डॉ. संजीव श्रीवास्तव यांच्या गटाने मेंदूतील ग्लायोमा गाठींचा असा अभ्यास केला. प्रथिनांचे वजन करण्याच्या पद्धतीसाठी 2002 चे नोबेल मिळवणारे कोइची तानाका हे पीएचडी नसलेले अभियंता होते, हे आमच्या मुलांना आम्ही आवर्जून सांगतो.

त्या मातेस आम्ही आणखी एक गोष्ट सांगितली. अंगात रक्त कमी असेल, तर पेशींचे आयुष्य व पर्यायाने हा आकडा फसवा ठरू शकतो. लोहाच्या कमतरतेत तो खऱ्यापेक्षा अधिक दिसण्याचा संभव असतो. ऊसतोडीस जाणाऱ्या भगिनींनी म्हणून तपासणीच्या वेळी हिमोग्लोबिनचा कागदही डॉक्टरांपुढे ठेवावा.