वर्गणी आणि ठेव

भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील बोदवडसारख्या गांवीं पंचवीस-तीस सद्गृहस्थ मिळून सेवामंडळ चालवितात, तेव्हां उन्हाळ्यांतील पाणपोई, नेत्रतपासणी, गरीब विद्यार्थ्यांस वह्या अशीं कामें पार पडतात. परंतु अशा मंडळाचें आयुष्य त्याच्या उत्साहावर जितकें, तितकेंच त्याच्या हिशेबवहीवर अवलंबून असतें, हें सुज्ञ वाचकांस सांगावयास नकोच.

मंडळाकडे येणारा पैसा दोन प्रकारचा. सभासदांची वर्गणी ही मंडळाची स्वतःची. लोकांनीं विशिष्ट कार्यासाठीं दिलेली देणगी ही ठेव होय. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत ठेवीविषयीं स्वतंत्र प्रकरणच आहे. ठेव सांभाळणारा तिचा धनी होत नाहीं. इ. स. १९१७ मध्यें शिकागो येथें स्थापन झालेल्या लायन्स क्लबांचाही दंडक हाच : लोकांचा पैसा लोककार्यासच लावावा, टपाल, भाडें, भोजन यांचा खर्च वर्गणींतून भागवावा.

उदाहरण घेऊं. समजा, तीस सभासदांची प्रत्येकी १,००० रुपये वर्गणी गृहीत धरून मंडळानें स्वतःवर ३०,००० रुपये खर्च केले, पण सहा जणांची वर्गणी थकली. चष्म्यांसाठीं ४०,००० जमले, पैकीं ३१,००० लागले. सर्व पैसा एकाच पेटींत असेल तर वर्षअखेर ३,००० रुपये शिल्लक दिसतात आणि वर्ष सुखाचें गेलें असें वाटतें. वस्तुतः चष्म्यांचे ९,००० उरावयास हवे होते. त्यांतील ६,००० आपल्या भोजनांत गेले! चोरी कोणीच केली नाहीं. तरी कांहीं वृद्धांचे चष्मे राहिलेच.

थकबाकीचें मूळ पुष्कळदां हंगामांत असतें. लायन्स व रोटरी यांचें वर्ष १ जुलैस सुरू होतें. त्या वेळीं खानदेशांतील शेतकऱ्याचा पैसा बीं-खतांत गुंतलेला असतो. कापूस विकला जातो तो दसरा-दिवाळीनंतर. तेव्हां वर्गणीचे दोन हप्ते करणें शहाणपणाचें.

इ. स. १९५० च्या कायद्यानें नोंदलेल्या सार्वजनिक न्यासाचे हिशेब सामान्यतः ३१ मार्चला बंद होतात व तपासले जातात. परंतु तपासनिसाची सही ही किमान मर्यादा होय. दोन्ही खातीं निरनिराळीं ठेवून वार्षिक सभेंत मोठ्यानें वाचावीं आणि त्यांची एक प्रत गांवांत लावावी. महर्षि कर्वे यांचा १८९६ सालचा अनाथबालिकाश्रम लोकांच्या लहानमोठ्या देणग्यांवरच वाढला. लोक दुसऱ्यांदा देतात, तें पहिल्या पैशाचें काय झालें हें त्यांस कळलें म्हणून. आपल्या घरचा कोणी खजिनदार असेल, तर त्यास एवढेंच विचारावें : ठेव वेगळी आहे ना?