माळरानाचं तिकीट

भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर वर्षाकाठी साधारण 550 मिलिमीटर पाऊस पडतो. इंदापूर-बारामतीच्या जिरायती पट्ट्यातला पाऊसही याच्याच आसपासचा. फरक एवढाच, की तिथे तो हिवाळ्यात येतो आणि आपल्याकडे जून-जुलैत हुलकावण्या देऊन सप्टेंबरात गाठतो. माल्टाची सगळी बेटं मिळून क्षेत्रफळ 316 चौरस किलोमीटर, म्हणजे एकटा इंदापूर तालुका त्यांच्या चौपटीहून मोठा. बारमाही वाहणारी नदी तिथे एकही नाही. इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीच्या शिवाराला निदान नीरेचा काठ तरी आहे. तरी जगभरातली माणसं माल्टाच्या सार्वजनिक बागा बघायला जातात, आणि इंदापुरात कोणाला ‘इथली बाग बघायचीय’ म्हटलं तर ‘द्राक्षाची का डाळिंबाची?’ असा प्रश्न येईल. त्यात गैर काही नाही. पण सगळ्यांच्या मालकीची, तिकीट काढून किंवा न काढता हिंडायला जाण्याजोगी बाग या मुलखात असू शकते का, हा प्रश्न त्यामुळे मागेच राहतो. माझ्या मते ती बाग इथे आधीपासून आहे. तिला आपण माळ म्हणतो आणि सरकारी कागदावर ती बहुधा पडीक असते.

माल्टाच्या बागा कशावर उभ्या आहेत ते आधी पाहू. सान अँटन ही तिथली नावाजलेली बाग सतराव्या शतकात तिथल्या सरदार-पंथाच्या प्रमुखाच्या, अंत्वान द पोल याच्या, वाड्याभोवती तयार झाली आणि 1882 मध्ये सर्वांसाठी खुली झाली. उंच दगडी भिंती, फरसबंद वाटा, पाण्याचे हौद, संत्र्याची झाडं आणि भरपूर सावली असा तिचा थाट. राजधानी व्हॅलेटामधली अप्पर बराक्का तर त्याहून साधी: 1661 मधल्या, आता छप्पर नसलेल्या दगडी कमानी, बाकं, थोडी झाडं आणि खाली पसरलेलं बंदर. तिसरी बुस्केट. ही एका घळीत वाढलेली वनराई. आलेप्पो पाइन, ओक, कॅरोब, ऑलिव्ह अशी कोरड्या हवेला सरावलेली तिची झाडं. एकेकाळी ही सरदारांची शिकारीची जागा होती. आता शरद ऋतूत लोक दुर्बिणी घेऊन तिथे बसतात, कारण युरोपातून आफ्रिकेकडे निघालेले शिकारी पक्षी रात्रीच्या मुक्कामाला त्या झाडांवर उतरतात. 29 जूनला तिथे मोठी जत्राही भरते. या तिन्ही बागांमध्ये बघण्यासारखं जे आहे ते सावली, दगड, साठवलेलं पाणी आणि त्या मातीला मानवणारी झाडं यांच्या जोरावर आहे. कापलेल्या हिरवळीचा गालिचा हे बागेचं लक्षण ठरवलं ते बारा महिने भुरभुर पाऊस असणाऱ्या इंग्लंडने. साहेबाच्या बंगल्यापुढून तो आपल्या नगरपालिकांच्या निविदांमध्ये शिरला आणि साहेब गेला तरी तो काही निघाला नाही.

या हिरवळीचा हिशेब एकदा कागदावर मांडण्यासारखा आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे हिरवळ जगवायची तर दिवसाला 5 मिलिमीटर पाणी ही कंजूषपणे धरलेली गरज. एका गुंठ्यावर 5 मिलिमीटर म्हणजे जवळजवळ 500 लिटर. अर्ध्या एकराची बाग केली तर रोज 10,000 लिटर, म्हणजे एक भरलेला टँकर. मार्च ते मे असे तीन महिने. ज्या तालुक्यांतल्या जिरायती गावांना टँकरची आठवण पुसलेली नाही, तिथे हे पाणी गवतावर ओतायचं आणि वर ‘हिरवळीवर बसू नये’ अशी पाटी लावायची.

‘पण आपल्याकडे कॅनॉल आहे’, असं कोणी म्हणेल. आहेच. 1876-77 च्या दुष्काळाने होरपळल्यावर इंग्रजांनी नीरा डावा कालवा काढला आणि 1885 मध्ये त्यातून पाणी सुटलं. मूळ विचार ज्वारी-बाजरी वाचवण्याचा. पाणी आलं तसा ऊस आला, पुढे कारखाने आले आणि निरवांगीच्या पट्ट्याचा चेहराच बदलला. या कालव्याचं ऋण मोठं आहे. मात्र त्याच्या टेलला असलेल्या शेतकऱ्याला आवर्तन म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही: पाणी कधी सुटणार, पोचेपर्यंत किती उरणार आणि वरच्या अंगाला कोणी मोटार टाकली, यावर त्याचा उन्हाळा ठरतो. जिथे उभ्या पिकाला पाळी चुकते, तिथे शोभेच्या गवताला ती चुकू नये असं म्हणणं धाडसाचंच. शिवाय कालवा काठापुरताच. त्याच्या वरच्या अंगाची बरड, मुरमाड जमीन कालव्याने कधी भिजलीच नाही, आणि आपली बाग नेमकी तिथे आहे.

ही बाग बघायची ती पावसाळा सरताना. सप्टेंबरच्या अखेरीला कडबनवाडीच्या किंवा शिर्सुफळच्या माळावर गवत मांडीपर्यंत येतं. ऑक्टोबरात ते तांबूस-पिवळं पडू लागतं आणि त्याच्या काड्यांवर ऊन तिरपं पडलं की सगळा माळ उजळतो. मारवेल, पवन्या, कुसळी अशी गवतं इथे एकमेकांत मिसळून वाढतात. यातली कुसळी कपड्यांना चिकटते म्हणून लोक वैतागतात, पण ती जरा जवळून पाहावी. तिच्या बीचं एक टोक सुईसारखं अणकुचीदार असतं आणि दुसऱ्या टोकाला लांब, पिळलेलं कुसळ. हवेत ओल आली की हा पीळ उलगडतो, ऊन पडलं की पुन्हा आवळतो. दवाने भिजायचं आणि उन्हाने सुकायचं असं दिवसामागून दिवस चाललं की बी स्वतःच फिरत फिरत जमिनीत घुसतं. गिरमिटाने भोक पाडावं तसंच हे. वखर नाही, पाभर नाही, तरी पेरणी पुरी. त्याच माळावर धाविक पक्षी घरटं न बांधता उघड्या जमिनीवरच अंडी घालतो आणि ती खड्यांशी अशी मिळून जातात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. चिंकारा पाण्यावाचून बरेच दिवस काढतो, कारण पाला, फळं आणि दव यांतून त्याचं भागतं. हिवाळ्यात मध्य आशियाकडून भोवत्या हे शिकारी पक्षी येतात, दिवसभर गवतावरून अगदी खालून तरंगत टोळ-उंदीर टिपतात आणि रात्री त्याच गवतात जमिनीवर मुक्काम करतात. माल्टाचे पक्षी पाइनवर उतरतात, आपले गवतात. बघणाऱ्याला आनंद सारखाच.

या माळाला बाग मानण्याची सुरुवात झाली आहे. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य 1997 पासून आहे; क्षेत्र जेमतेम 5 चौरस किलोमीटर, पण चिंकारा बघायचा तर हमखास जागा. 2024 च्या सुरुवातीला पुणे वन विभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे गवताळ सफारी सुरू केली. ऑनलाइन नोंदणी करायची, ठरवून दिलेल्या वाटेनेच गाडी न्यायची आणि बरोबर स्थानिक गाइड घ्यायचा. यावर आक्षेप असा, की माणसं आली की जनावरं गेली. तो खोटा नाही. वाट सोडून गवतात घातलेली एक जीप धाविकाची वीण चिरडू शकते. लांडग्याच्या बिळापाशी फोटोसाठी ताटकळणारे हौशी लोक लांडगीला पिल्लं घेऊन जागा सोडायला लावतात. रात्री प्रखर टॉर्च मारत हिंडणं तर सरळ बंद व्हावं. मात्र ‘कोणीच येऊ नये’ हा पर्याय प्रत्यक्षात उपलब्ध नसतो. ज्या माळावर बघायला कोणी येत नाही, तिथे मुरूम उपसायला माणसं येतात, मग अतिक्रमण येतं, मग ‘नाहीतरी पडीकच आहे’ म्हणत एखादा प्रकल्प येतो. शेजारच्या सोलापूर-नगरकडे 1979 मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झालं, पुढे त्याचं क्षेत्र बरंच कापलं गेलं आणि पक्षीही दिसेनासा झाला. तिथे पर्यटकांच्या गर्दीने तो गेला असं कोणी म्हणू शकणार नाही. तिकिटाच्या खिडकीमुळे जागेचा हिशेब ठेवणारा कोणीतरी तयार होतो आणि गावातल्या दोन-चार पोरांची रोजी माळ शाबूत राहण्याशी जोडली जाते, ही काही लहान गोष्ट नाही.

दुसरा आक्षेप जास्त सज्जन आहे: उजाड माळ कसला दाखवता, झाडं लावा. 2019 मध्ये राज्याने 33 कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं तेव्हा हे वाक्य गावोगाव ऐकू येत होतं. पण उघड्या माळावर गिरिपुष्पाच्या रांगा लावल्या की खाली गवत विरळ होतं, आणि जी जनावरं चौफेर नजर जाते म्हणून इथे राहतात त्यांना ती जागा परकी होते. माळाची स्वतःची झाडं आहेतच: हिवर, बोर, खैर, बाभूळ, विरळ आणि खुरटी. ती आपसूक येतात. खड्डे खणून त्यांची गर्दी करणं म्हणजे माळाला जंगलाचे कपडे चढवणं.

तिसरा मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. सफारीच्या गवतात निरवांगीची आजी संध्याकाळी चार पावलं टाकायला जाणार नाही आणि शाळेतल्या मुलांना झोपाळाही तिथे मिळणार नाही. गावठाणाला वेगळी, लहान बाग हवीच. ती करताना माल्टाकडून घ्यायची अक्कल एवढीच, की पैसा सावलीवर घालावा. वड, कडुनिंब, चिंच, करंज यांना पहिली तीन-चार वर्षं पाणी लागतं, मग ती आपली आपण जगतात. त्यांच्याखाली दगडी पार, भोवती खेळायला मातीची जमीन आणि छपराचं पावसाचं पाणी धरणारी एखादी टाकी. लॉनला लागतो तसा माळ्याचा कायमचा पगार यात लागत नाही, आणि दुपारी दोन वाजताही तिथे बसता येतं.

राहतो तो मेंढरांचा प्रश्न, आणि तो सोपा नाही. माळ ही धनगरांची पिढ्यान्‌पिढ्यांची चराई. बाग म्हणून कुंपण पडलं की पहिला अडवला जातो तो त्यांच्याच मेंढरांचा वाडा. मोकाट, बारमाही चराईने गवत खुरटतं हे खरं. पण चराई पुरती थांबली की जुनं गवत साचतं आणि उन्हाळ्यात एका काडीने सगळा माळ पेटू शकतो. तेव्हा आळीपाळीने तुकडे राखायचे, बी गळून पडल्यावरच मेंढरं सोडायची आणि कोणता तुकडा कधी मोकळा हे वाडेवाल्यांना विचारून ठरवायचं, अशी काहीतरी बोली वन विभाग आणि ग्रामपंचायत यांनी मिळून करावी लागेल. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला समिती नेमायला आणि आपल्या शिवाराची नोंदवही करायला सांगितलंच आहे. कोणतं गवत कधी बी धरतं याची तोंडपाठ माहिती मेंढपाळांकडे असते. त्या वहीचं गवताचं पान त्यांना बसवून लिहून घेतलं, तर कुंपण कुठे हवं आणि कुठे नको हे ठरवायला वेगळा सल्लागार आणावा लागणार नाही.