वसईचे गोडे पाणी

वसईच्या किनारपट्टीत जमिनीखालचे गोडे पाणी त्याहून जड असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते आणि दोन्ही पाण्यांच्या घनतेतील फरक अवघा चाळिसाव्या हिश्शाएवढा असल्याने गोड्या पाण्याची पातळी १ मीटर उतरली, तर खाऱ्याची सीमा कालांतराने सुमारे ४० मीटर वर सरकू शकते. म्हणूनच १९८० च्या दशकात वाड्यांतील विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई संरक्षण समितीने उभारलेले आंदोलन केळीच्या बागांइतकेच भूगर्भातील या नाजूक समतोलासाठीही होते, आणि ते सर्वस्वी रास्त होते.

बिघडलेले भूजल पूर्ववत करणे किती दुष्कर असते, हे चेक प्रजासत्ताकातील स्त्राझ येथे दिसते; युरेनियम विरघळवून वर काढण्यासाठी तेथे भूगर्भात सुमारे ४० लाख टन गंधकाम्ल सोडले गेले आणि १९९६ मध्ये उत्पादन थांबल्यानंतरही शुद्धीकरण दशकानुदशके चालू राहिले.

वसईत मात्र उपाय वाडीतच होता: बावखल, म्हणजे कच्च्या काठांचे खोदीव तळे, ज्यात साठलेले पावसाचे पाणी शिंपणासाठी वापरले जाई आणि उरलेले मुरून शेजारच्या विहिरींना गोडवा देई. दुर्दैवाने अशी कित्येक बावखले भराव टाकून बुजवली गेली आहेत.