दूरस्थ उपस्थाता आणि सेवेची पोच

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. भिषक् म्हणजे आपण, द्रव्याची चिंता औषधालयचालक बंधू वाहतात, रोगी तर समोरच असतो. उपस्थात्याचा विचार मात्र आपल्या बैठकांत क्वचितच होतो. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच हे त्याचे चार गुण. संहिताकारांच्या दृष्टीसमोर अर्थातच रोग्याच्या उशाशी बसलेला परिचारक होता. आज आपल्या धर्मादाय दवाखान्यांना आणि शिबिरांना हातभार लावणारी बरीच माणसे मुंबई, पुणे वा त्याहूनही दूर राहतात. कोणी जमाखर्च लिहून देते, कोणी पथ्यापथ्याची पत्रके तपासते, कोणी वृद्ध रुग्णांना आठवड्यातून एकदा दूरध्वनी करून औषध नियमित चालू आहे ना, एवढेच विचारते. अशा विनामूल्य सेवकाला उपचारज्ञता शिकवता येते, दाक्ष्य सरावाने येते. अंतराचा पहिला आघात होतो तो अनुरागावर. प्रस्तुत लेख त्या एका गुणाविषयी आहे.

बोर्ली पंचतन परिसरात दुरून केलेली सेवा ही काही नवलाईची गोष्ट नाही. श्रीवर्धन, म्हसळा या तालुक्यांतील क्वचितच एखादे घर असेल की ज्यातील कोणी मुंबईला नाही. कोकणातील गावोगावच्या चाकरमान्यांनी गिरणगावातील खोल्यांमधून ग्रामस्थ मंडळे चालविली, वर्गणी काढली, गावची देवळे व शाळा उभ्या केल्या. ही मंडळे पिढ्यान् पिढ्या टिकली, याचे एक कारण फारसे लक्षात घेतले जात नाही. वार्षिक अहवालात अल्प वर्गणी देणाऱ्याचेही नाव रकमेसह छापले जाई. मनिऑर्डरचेही तसेच. पैसे मिळाल्यावर घेणाऱ्याच्या सहीची अथवा अंगठ्याची पोच टपालाने परत पाठविणाऱ्याकडे येत असे. आईच्या अंगठ्याचा तो ठसा गिरणी कामगार जपून ठेवी. जुन्या पद्धतीची मनिऑर्डर 2015 मध्ये बंद झाली आणि पैसे क्षणात पोहोचू लागले. पोच मात्र यंत्राची येऊ लागली, माणसाची नव्हे.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा या पोचेचे मोल कळले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरची कौले व पत्रे उडाले, वीज आणि भ्रमणध्वनी अनेक दिवस बंद राहिले. त्यात कोरोनाची साथ. मुंबईकरांना गावी येणे दुरापास्त होते. तरीही घरबसल्या ओळखीपाळखी काढून अनेकांनी ताडपत्र्या, धान्य, औषधे रवाना केली. साहित्य पोहोचले, पण पोहोचल्याचा निरोप उलट जाईना. पुढे संपर्क सुरू झाल्यावर सर्वांना एकच सामायिक आभारपत्र गेले. आपली ताडपत्री कोणत्या वाडीत पोहोचली, हे पाठविणाऱ्यास कळलेच नाही. त्या वेळी तळमळीने जोडली गेलेली कितीतरी माणसे वर्षभरात पांगली, असे माझे निरीक्षण आहे. त्यांची सेवावृत्ती आटली, असे मी म्हणणार नाही. त्यांना काही कळतच नव्हते.

निदानपंचकातील उपशय येथे आठवावा. दिलेल्या आहार, विहार वा औषधाने रोग्यास सुख झाले की दुःख, हे कळल्यावाचून वैद्य पुढचे पाऊल टाकीत नाही. दूरच्या सेवकाला मात्र आपण वर्षानुवर्षे उपशयाविना राबवतो आणि वार्षिक संमेलनात शाल-श्रीफळ देऊन मोकळे होतो. तेही तो येऊ शकला तर!

याविषयी काही पद्धतशीर प्रयोग झालेले आहेत. अमेरिकेतील एका विद्यापीठासाठी दूरध्वनीवरून देणग्या मिळविणाऱ्या कर्मचाऱ्यांची शिष्यवृत्तीचा लाभ झालेल्या विद्यार्थ्याशी अवघी काही मिनिटे भेट घडविण्यात आली. महिन्यानंतर त्यांचा दूरध्वनीवरील वेळ आणि मिळविलेली रक्कम दोन्ही दुपटीहून अधिक झाल्याचे ॲडम ग्रँट व सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केले. हे कर्मचारी वेतन घेणारे होते, हे खरे. परंतु वेतन तर भेटीपूर्वीही मिळतच होते.

मानचिन्हे निरुपयोगी आहेत, असेही नाही. जर्मन भाषेतील विकिपीडियावर नवख्या लेखकांना केवळ प्रतीकात्मक गौरव देण्याचा प्रयोग याना गालुस यांनी केला. तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. गौरव मिळालेल्यांत पुढील महिन्यातही लिहीत राहणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 20 टक्क्यांनी अधिक आढळले. आपण लक्षात घ्यावे ते एवढेच की, हा गौरव आरंभीच्या काळात मिळाला होता, निवृत्तीच्या समारंभात नव्हे.

आमच्या शिबिरातील रुग्णांना दूरध्वनी करण्याचे काम डोंबिवलीच्या एक निवृत्त शिक्षिका करतात. दर पंधरवड्यास त्यांना येथून दूरध्वनी जातो. ‘बाई, तुम्ही ज्या आजोबांना दोनदा समजावलेत, ते मंगळवारी स्वतः चालत तपासणीस आले,’ इतकेच सांगितले जाते. बोलणे पाच मिनिटांचे. हा दूरध्वनी प्रत्यक्ष त्या कामाजवळ असणाऱ्यानेच करावा. अध्यक्षांच्या स्वाक्षरीच्या पत्राने ते साधत नाही. काम नीट झाले नसेल तर तेही त्याच आपुलकीने सांगावे. सेवा फुकट आहे म्हणून तिच्यातील उणीव झाकणे हा सेवकाचा मान नव्हे.

दोन मर्यादा मात्र कटाक्षाने पाळाव्यात. वार्ता कळविण्याच्या उत्साहात रुग्णाचे छायाचित्र, चिठ्ठी वा तपासणीचा अहवाल त्याच्या संमतीवाचून कोणासही पाठवू नये. गावात आडनाव आणि वाडी सांगितली तरी माणूस ओळखू येतो. दुसरे असे की, नोंदणीकृत वैद्य नसलेल्या सेवकाने मात्रेत बदल सुचवू नये. रुग्णाने विचारले तर प्रश्न लिहून घेऊन वैद्याकडे पाठवावा.

औषधालयचालक बंधूंनी पाठविलेल्या खोक्यांबाबतही हेच करता येईल. खोके उघडताच कोणते चूर्ण, किती डबे, वैधता कधीपर्यंत, याची यादी त्याच दिवशी कळवावी. महिनाअखेरीस त्यातील काय संपले आणि काय पडून राहिले, तेही कळवावे. पुढच्या खेपेस काय पाठवू नये, हे त्यांना आपोआप समजेल.